विश्लेषण : समुद्र २०० किलोमीटरवर, मग अहिल्यानगरात ‘डाइव्ह वॉच’चा संग्रह कशासाठी?

क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा असूनही अहिल्यानगरला किनारा नाही. शहरापासून समुद्र सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. तरीही तबकडीवर ‘२०० मीटर’ असा आकडा मिरवणारी, फिरत्या कड्याची जाडजूड घड्याळे इथल्या मनगटांवर आणि मोबाइलमधल्या खरेदीच्या यादीत दिसू लागली आहेत. एक घेतले की दुसरे हवेसे वाटते आणि खरेदीचा छंद होतो. हा छंद निव्वळ मिरवण्याचा आहे का, तो साध्या पगारात परवडतो का, फसगत नेमकी कुठे होते आणि त्याचा खरा आनंद कशात आहे?

डाइव्ह वॉच म्हणजे नेमके काय?

पाण्याखाली उतरणाऱ्या माणसाकडे टाकीतली हवा मोजकी असते. खाली जाऊन किती मिनिटे झाली हे चुकले, तर जिवावर बेतते. या गरजेतून हे घड्याळ जन्मले. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ब्लाँपँने ‘फिफ्टी फॅदम्स’ हे घड्याळ आणले आणि फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांनी ते वापरले. रोलेक्सच्या ‘सबमरीनर’चा जन्मही त्याच वर्षीचा. १९६५ मध्ये जपानच्या सेकोने आपले पहिले डायव्हर घड्याळ काढले.

पुढे या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. त्यानुसार घड्याळ किमान १०० मीटरच्या दाबाला टिकले पाहिजे. अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ दिसली पाहिजे आणि घड्याळ चालू आहे की बंद, तेही कळले पाहिजे. किती मिनिटे गेली हे दाखवणारी सोय हवी. चुंबक, धक्का आणि खारे पाणी या कसोट्या पार व्हाव्यात. जेवढी खोली लिहिली आहे, तिच्या सव्वापट दाबाखाली प्रत्येक घड्याळ तपासलेले असावे. नमुन्यादाखल एखादे तपासून भागत नाही. तबकडीवर ‘डायव्हर्स’ हा शब्द लिहायचा, तर मागे ही जबाबदारी उभी असते.

म्हणजेच हा घड्याळाचा असा प्रकार आहे, ज्याचा दर्जा किमतीवर किंवा नावावर नव्हे, तर कागदावर लिहिलेल्या आणि तपासता येणाऱ्या कसोट्यांवर ठरतो. छोट्या शहरातल्या, मध्यम उत्पन्नाच्या संग्राहकासाठी हीच सर्वांत मोठी सोय आहे.

२०० मीटर म्हणजे किती खोल?

अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण आहे. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या या विल्सन धरणाची उंची सुमारे ८२ मीटर. तशी दोन धरणे एकावर एक ठेवली, तरी २०० मीटर भरत नाहीत. गावातली ५० फुटांची विहीर काठोकाठ भरली, तरी खोली १५ मीटर. समुद्रात हौसेने स्कूबा करणाऱ्यांसाठी ४० मीटर ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. जिल्ह्यातले कोणतेही पाणी या घड्याळाची खरी परीक्षा घेऊ शकत नाही.

शिवाय आज गंभीर पाणबुडे खोली आणि वेळ मोजण्यासाठी डाइव्ह कॉम्प्युटर वापरतात. घड्याळ असलेच, तर जोडीला, राखीव म्हणून. त्यामुळे ‘अहिल्यानगरात डाइव्ह वॉच कशाला’ हा प्रश्न मुंबईतल्या किंवा जिनिव्हातल्या संग्राहकालाही तितकाच लागू पडतो. बहुतेकांच्या घड्याळाला स्वयंपाकघरातल्या नळापलीकडचे पाणी माहीत नसते. समुद्र जवळ असल्याने या छंदाला अधिकार मिळतो आणि दूर असल्याने तो हास्यास्पद ठरतो, असे मानण्याचे काही कारण नाही.

मग ३० मीटरचे घड्याळ विहिरीत का बिघडते?

हा या विषयातला सर्वाधिक महागात पडणारा गैरसमज. ‘३० मीटर वॉटर रेझिस्टंट’ लिहिले आहे आणि विहीर तर १५ मीटरची, म्हणून उन्हाळ्यात घड्याळासकट मुटका मारला जातो. दुसऱ्या दिवशी काचेच्या आत वाफ धरते.

हा आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा असतो. दर दहा मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या हिशेबाने ३० मीटर म्हणजे तीन वातावरणांचा दाब नव्या, थंड, न हललेल्या घड्याळाने सोसला, एवढाच त्याचा अर्थ. हात जोरात हलवल्याने दाब कित्येक पटींनी वाढतो असे सांगितले जाते, ते मात्र अतिशयोक्त आहे. साध्या भौतिकशास्त्राने पाहिले, तर १५ फुटांवरून मारलेल्या उडीचा जादा दाब साधारण तेवढ्याच, म्हणजे १५ फूट खोल पाण्याइतका भरतो. पाण्यावर आपटण्याचा झटका मात्र वेगळा.

खरे दोषी तिघे आहेत. पहिला, झाकणाखालची आणि चावीतली रबरी रिंग. ती वर्षागणिक कडक होते आणि फट सोडते. दुसरा, नीट न दाबलेली चावी. तिसरा, उन्हात तापलेले घड्याळ एकदम गार पाण्यात जाणे. डायव्हर घड्याळात चावी आटे फिरवून घट्ट बसते, झाकण जाड असते आणि रिंग दणकट असतात. २०० मीटरचा आकडा त्या खोलीवर जाण्यासाठी नाही. रिंग थोड्या थकल्या, तरी १५ मीटरच्या विहिरीत घड्याळ टिकावे, यासाठीची ती शिल्लक आहे.

एक इशारा इथेच द्यायला हवा. पाण्यात न बुडणारे घड्याळ माणसाला पोहायला शिकवत नाही. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या निसरड्या कडेवरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येणे अवघड जाते. तिथे घड्याळाची परीक्षा घेण्याचा मोह टाळलेलाच बरा.

कोरडवाहू गावात फिरत्या कड्याचा उपयोग काय?

काचेभोवतीचे फिरते कडे, म्हणजे बेझल, हा या घड्याळाचा आत्मा. त्यावरचा ठिपका मिनिटकाट्यासमोर आणायचा. पुढे काटा बेझलवरच्या ज्या आकड्यावर असेल, तेवढी मिनिटे झाली. बेझल फक्त डावीकडे, उलट्या दिशेने फिरते. चुकून धक्का लागला, तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी कधीच नाही. पाणबुडा लवकर वर येईल, पण उशिरा येणार नाही. चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूने व्हावी, हा विचार त्या दातेरी कड्यात कोरलेला आहे.

या सोयीला समुद्र लागत नाही. ठिबकचा एक व्हॉल्व्ह ४० मिनिटे चालवून दुसऱ्यावर जायचे असेल, पाळीने मिळणाऱ्या थ्री-फेज विजेत मोटार किती वेळ चालली हे पाहायचे असेल, फोडणी घातलेल्या भाजीला दहा मिनिटे द्यायची असतील किंवा परीक्षेत एका प्रश्नाला किती वेळ गेला हे जोखायचे असेल, तर बेझल कामी येते. मोबाइलमध्ये टायमर आहेच. पण चिखलाच्या हाताने मोबाइल काढता येत नाही आणि काढलाच, तर वेळेऐवजी भलतेच काहीतरी पाहिले जाते. अंधारात चमकणारे मोठे काटे रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरणाऱ्याला जितके उपयोगी, तितके ते वातानुकूलित दालनातल्या हौशी माणसाला क्वचितच असतील.

संग्रहाची सुरुवात कशी करावी?

संग्रह म्हणजे डझनभर घड्याळांची पेटी, हा समज आधी सोडावा. तीन-चार घड्याळेही संग्रह होऊ शकतात. अट एवढीच, की प्रत्येक घड्याळ काहीतरी वेगळे शिकवणारे असावे.

पहिली पायरी : कॅसिओचे ‘ड्युरो’. सेलवर चालणारे, आट्यांची चावी, फिरते बेझल, २०० मीटर आणि किंमत दहा हजारांच्या आत. मार्लिन माशाच्या चिन्हामुळे ओळखले जाणारे हे घड्याळ बिल गेट्स यांच्या मनगटावरही दिसले आहे. त्याला आयएसओ ६४२५ ची मोहोर नाही, हे ठाऊक असावे. पण विहीर, पाऊस आणि रोजची धूळ यांसाठी ते पुरून उरते. या घड्याळावर ओरखडे पडू द्यावेत. डायव्हर कसे वापरायचे, ते याच्यावरच शिकून होते.

दुसरी पायरी : मानकात बसणारे एक घड्याळ. सिटिझनच्या ‘प्रोमास्टर’ मालिकेतले प्रकाशावर चालणारे डायव्हर हा समंजस पर्याय आहे. त्यात दर दोन-तीन वर्षांनी सेल बदलण्यासाठी झाकण उघडावे लागत नाही. झाकण जितके कमी उघडेल, तितके पाणी आत जाण्याचे धोके कमी. किंवा मनगटाच्या हालचालीने चावी भरणारे सेकोचे ऑटोमॅटिक घ्यावे.

इथे एक फरक समजून घेण्यासारखा आहे. सेकोचे ‘एसकेएक्स’ हे मानकाप्रमाणे बनलेले, २०० मीटरचे डायव्हर जगभरच्या संग्राहकांचे लाडके होते. २०१९ मध्ये त्याच चेहऱ्यामोहऱ्याची ‘सेको ५ स्पोर्ट्स’ मालिका आली. तीही उत्तम घड्याळे आहेत, पण १०० मीटरची आणि आटे नसलेल्या चावीची. दिसायला भाऊ, कामाला वेगळी. हा फरक फोटो पाहून कळत नाही. तो तपशिलाच्या तक्त्यात वाचावा लागतो.

तिसरी पायरी : डायव्हर नसलेले एक घड्याळ. घरात आजोबांचे एचएमटी पडून असेल, तर त्याहून चांगले काय? १९६१ मध्ये बेंगळूरुत एचएमटीने घड्याळे बनवायला सुरुवात केली, ती जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने. आज प्रोमास्टर बनवणारी कंपनी तीच. एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. ‘जनता’ किंवा ‘पायलट’ शेजारी प्रोमास्टर ठेवले, की एका तंत्राचा प्रवास पेटीत दिसतो. ते मात्र पाण्यापासून दूरच ठेवावे.

चौथी जागा रिकामी ठेवावी. ती भरण्याची घाई नसणे, ही संग्राहक आणि निव्वळ खरेदीदार यांच्यातली रेषा आहे.

‘सी किंग’मध्ये समुद्र किती?

जुन्या घड्याळांच्या बाजारात उतरताना एक नाव हमखास समोर येते : फाव्र-ल्युबा. एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत पाय रोवलेल्या या स्विस कंपनीची घड्याळे महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या लग्नात दिली गेली. त्यातली ‘सी किंग’ आणि ‘सी चीफ’ ही नावे पाहून अनेकांना ती डायव्हर वाटतात. प्रत्यक्षात ती साधी, चावीची, रोज ऑफिसला घालायची घड्याळे. समुद्र फक्त नावात.

याच कंपनीने १९६०च्या दशकात ‘बॅथी’ हे खरेखुरे पाणबुड्यांचे घड्याळ बनवले होते. ते वेळेबरोबर खोलीही दाखवत असे. टाटा समूहातील टायटनने २०११ मध्ये ही कंपनी घेतली आणि पुढे ‘रेडर बॅथी १२०’ या नावाने १२० मीटरपर्यंत खोली मोजणारे नवे रूप आणले. २०२३ मध्ये कंपनी भारतातल्याच एथॉसकडे गेली. म्हणजे डायव्हर घड्याळाच्या इतिहासात भारताचा धागा आहे, पण तो ‘सी किंग’मधून जात नाही.

जुन्या बाजारातला मोठा धोका नव्याने रंगवलेल्या तबकडीचा. परदेशी संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. जुनी, झिजलेली घड्याळे उघडून, तबकडी भडक निळी किंवा केशरी रंगवून, हाताशी असतील ते काटे लावून ती विकली जातात. या कामाकडे केवळ तुच्छतेने पाहणे अन्यायाचे ठरेल. ज्या काळात नवे घड्याळ परवडत नव्हते, त्या काळात याच कारागिरांनी हजारो घड्याळे चालती ठेवली. रंगकाम हा गुन्हा नव्हे. ते लपवून ‘अस्सल, न हाताळलेले’ म्हणून दाम घेणे, ही फसवणूक आहे.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. केस झिजलेली, पण तबकडी कोरी करकरीत. अक्षरे वाकडी किंवा जाड-बारीक. काट्यांवरचा चमकणारा रंग आणि तबकडीवरचा रंग वेगळा. डायव्हर म्हणून विकले जात असूनही चावीला आटे नाहीत. जुन्या तबकडीवरचा चमकणारा रंग मात्र कधीही खरवडू नये. जुन्या काळी त्यात रेडियमसारखी किरणोत्सारी द्रव्ये वापरली जात.

नकली घेतले तर बिघडले कुठे?

लाखोंचे सबमरीनर परवडत नाही, मग तीन हजारांची ‘फर्स्ट कॉपी’ घेतली तर काय झाले, असा युक्तिवाद सर्रास ऐकू येतो. खोटी व्यापारचिन्हे लावून माल विकणे हा व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार गुन्हा आहे, ही झाली कायद्याची बाजू. पण संग्राहकासाठी याहून मोठे कारण आहे. डायव्हर घड्याळाची सगळी किंमत तबकडीवरच्या आकड्याच्या खरेपणात असते. नकली घड्याळावर ‘३०० मीटर’ लिहिलेले असते, तेव्हा तो आकडा म्हणजे नुसती छपाई. त्याच्यामागे ना चाचणी, ना जबाबदारी. दहा हजारांच्या आतले कॅसिओ आपल्या आकड्याला जागते, तीन हजारांचे ‘सबमरीनर’ जागत नाही. या छंदात गरीब-श्रीमंत असा भेद नाही, खरे-खोटे असा आहे. ज्याला हे कळले, त्याला नकली घड्याळ स्वस्त वाटत नाही.

गुंतवणूक म्हणून घ्यावे का?

नाही. मोजकी स्विस मॉडेल्स सोडली, तर घड्याळ दुकानाबाहेर पडताच त्याची किंमत उतरते. ‘पुढे भाव येईल’ हे वाक्य बहुतेक वेळा न परवडणाऱ्या खरेदीचे समर्थन असते. हप्त्यावर घेतलेले घड्याळ तर वेळ दाखवण्याआधी देणे दाखवते. उसाचे बिल किंवा दिवाळीचा बोनस हाती आला, की घरच्या गरजा भागवून जे उरेल त्यातून आणि वर्षाला एकच, हा नियम पुरेसा आहे.

घाई न करण्याला आणखी एक कारण आहे. भारताने मार्च २०२४ मध्ये स्वित्झर्लंडसह युरोपातील चार देशांच्या ‘एफ्टा’ गटाशी व्यापार करार केला आणि तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार स्विस घड्याळांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. ज्याला स्विस डायव्हरच हवे आहे, त्याला थांबल्याने तोटा होण्याची शक्यता कमीच.

देखभाल कोण करणार?

छंदाचा सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. सेल बदलताना रबरी रिंग चिमटली किंवा कोरडी राहिली, तर २०० मीटरचे घड्याळ क्षणात शून्य मीटरचे होते. म्हणून झाकण उघडले, की रिंग बदलून किंवा तिला सिलिकॉन ग्रीस लावून घ्यावे आणि दाबचाचणी करून मिळेल का, हे विचारावे. चाचणी झाली नाही, तर ते घड्याळ पुन्हा पाण्यात नेऊ नये. चावी पाण्यात कधीही ओढू नये. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यातून किंवा औषध फवारणीनंतर घड्याळ साध्या गोड्या पाण्याने धुवावे. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात बुरसतो, तेव्हा रबरी किंवा नायलॉनचा लावावा.

तालुक्याच्या बाजारपेठेत डोळ्याला भिंग लावून बसणारे कारागीर कमी होत चालले आहेत. त्यांची मुले दुसऱ्या धंद्यात गेली. हातात चांगले घड्याळ असलेले गिऱ्हाईकच त्यांना टिकवू शकते. एचएमटीची ‘सर्व्हिसिंग’ त्यांच्याकडेच करावी आणि डायव्हरच्या रिंगसाठीही आधी त्यांनाच विचारावे. काम येत राहिले, तर दाबचाचणीचे छोटे यंत्र घेणे एखाद्याला परवडेलही. संग्राहकाचा छंद गावाच्या उपयोगी पडतो, तो असा.

मग आनंद नेमका कशात?

पेटी उघडून फोटो काढण्यात तो फार काळ टिकत नाही. टिकतो तो वापरण्यात. सिंधुदुर्गात तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. चौथ्या घड्याळाचे पैसे एकदा तिथल्या प्रशिक्षणावर खर्च केले, तर पहिली तीन घड्याळे कशासाठी जन्मली, हे कायमचे कळते. ते जमले नाही, तरी बेझल फिरवून मोटारीची वेळ लावणारा शेतकरी या घड्याळाचा कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्यापेक्षा खरा मालक आहे.

आकडा वाचता येणे, तो खरा की छापील हे ओळखता येणे आणि आपल्याला त्यातला किती लागतो हे ठरवता येणे, एवढे जमले की संग्रह झाला. पेटीत घड्याळे तीन आहेत की तीस, हा प्रश्न त्यानंतरचा.